फ फणसातला

मंगळवार, रात्री पावणेअकरा.

आज सहावी अ ला व्यंजनांचं वर्गीकरण शिकवलं. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य सुरळीत पार पडले. ओष्ठ्यांवर आले आणि पहिल्या 'प'लाच डोळ्यांत टचकन पाणी. खालच्या ओठाच्या आत, दातावर चिकटवलेल्या तारेच्या ब्रॅकेटच्या बरोब्बर समोर, साबुदाण्याएवढा पांढरा फोड, कडा लालभडक. ओठ मिटला की तो थेट लोखंडावर. बाकीचे फ-ब-भ-म पोरांकडूनच म्हणवून घेतले.

दातांना तारा बसवून सव्वा महिना झाला. वय ३९. आमच्या लहानपणी दात पुढे असले तर 'हसताना तोंडावर हात धर' एवढाच इलाज होता, तो मी तीस वर्षं इमानेइतबारे केला.

दात दुखतील हे सगळ्यांनी बजावलं होतं. ते दोन-चार दिवस ठणकतात आणि थांबतात. तोंड येतं ते घासण्याने, आणि बाईमाणूस मास्तरकीत असेल तर ते घासणं दिवसभर चालूच. रविवारी जरा भरून येतं, सोमवारी पाच तास झाले की पुन्हा सोललेलं.

गेल्या आठवड्यात तर कहर झाला. दात सरळ होऊ लागले की तार मागे सरकते म्हणे. तिचं टोक उजव्या दाढेमागून बाहेर आलं आणि गालात खुपायला लागलं. रात्री अकराला मी नेलकटर घेऊन आरशासमोर. सासूबाई पाणी प्यायला उठल्या होत्या. "अगं, ठेव तो! तुकडा घशात गेला तर?" ठेवला. टोचणारं टोक झाकायला डॉक्टरांनी दिलेलं मेण लावायला गेले, तर गोळी थुंकीवरून घसरून जिभेवर. तीनदा. चौथी गिळलीच.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी टोक कापलं. त्यांची पक्कडच अशी की कापलेला तुकडा तिच्यातच अडकून राहतो. अर्धं मिनिट लागलं. गिळलेल्या मेणाने काही होत नाही म्हणाले. मग मेण कसं लावायचं ते दाखवलं: ओठ ओढून धरायचा, कापसाने ब्रॅकेट आधी खडखडीत पुसायचं, मेण बोटांत मळून डाळीएवढी गोळी करायची आणि दाबून बसवायची. कोरड्यावर चिकटतं, ओल्यावर नाही. टिकली लावताना कपाळ पुसायचं कळतं मला. हे कसं सुचलं नाही कोण जाणे.

आईंचा स्वतंत्र दवाखाना चालू आहे. आधी कुंडीतल्या जाईचा पाला चघळायला दिला. चघळू कशाने? मग तूप आलं. तूप लावलं की मेण धरत नाही, आणि मेण दिसलं की आईंचा चेहरा पडतो. शेवटी रात्री तूप, दिवसा मेण, असा तह झालाय. मिठाच्या गुळण्यांवर मात्र दोन्ही दवाखान्यांचं एकमत: पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. मधल्या सुट्टीत थर्मास घेऊन बेसिनशी उभी राहते. पहिल्यांदा झोंबतं, मग बरं वाटतं.

जेवायला गुरगुट्या भात, ताक, भिजवलेली पोळी. मिसळीचं नावही काढत नाही. हौसेने ब्रॅकेटला पारदर्शक रबरं घेतली होती, ती वरणातल्या हळदीने आठवड्यात पिवळी झाली. पुढच्या वेळी करडी घेणार.

गालाचा फोड नवव्या दिवशी गेला. दोन आठवड्यांवर एखादा राहिला तर दाखवायला या, असं डॉक्टरांनी बजावलंय. हळूहळू आतली कातडी निबर होते म्हणे. होईल तेव्हा होईल.

उद्या हाच पाठ दुसऱ्या तुकडीला आहे. पर्समध्ये मेणाची पट्टी, कापूस, छोटा आरसा ठेवलाय. तुकडी नेमकी 'ब'.