हाकोनेचा घाट बिनधास्त चढा, 135 वरून मात्र परतू नका: जुन्या फेअरलेडी झेडने इझूची फेरी

फेअरलेडी झेड ही निसानची जुनी स्पोर्ट्स कार घेऊन टोकियोहून हाकोनेच्या डोंगरात आणि इझू द्वीपकल्पावर जाणार असाल, तर घाटाची धास्ती मनातून काढून टाका. सांभाळायचा आहे तो परतीचा रस्ता. राष्ट्रीय मार्ग 135 वरचा अतामी ते ओदावारा हा समुद्राकाठचा वीसेक किलोमीटरचा तुकडा सुट्टीच्या दिवशी दुपारनंतर या गाडीसाठी निव्वळ छळ आहे. निघण्यापूर्वी ज्याला ज्याला विचारलं त्या प्रत्येकाने हाकोनेच्या चढावर गाडी तापेल असंच बजावलं होतं, आणि परतताना किनाऱ्याने या, सपाट रस्ता आहे, गाडीला आराम मिळेल, असंही सांगितलं होतं. दोन्ही सल्ले साफ चुकीचे निघाले.

गाडीची माहिती थोडक्यात. एस30, म्हणजे 1969 साली आलेली पहिली फेअरलेडी झेड. इंजिन एल20, सहा सिलिंडर, 1998 सीसी. जपानमध्ये 2000 सीसीच्या वर गेलं की गाडी वरच्या वर्गात जाते आणि कर वाढतो, म्हणून इथे बहुतेक गाड्या दोन लिटरच्याच विकल्या गेल्या. 2393 सीसीचं एल24 इंजिन असलेली 240झेड इथे कमी दिसते. हिताची कंपनीचे दोन कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारे), पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम, एसी नाही. तुमच्याकडे अशी गाडी आहे, शाकेन म्हणजे दर दोन वर्षांनी होणारी सरकारी तपासणी झालेली आहे, डिक्कीत पाना-पकड, जादा बेल्ट, होज क्लॅम्प, फ्यूज आणि कूलंटचा कॅन आहे, आणि त्यातलं काय कधी वापरायचं हे तुम्हाला येतं, असं धरून पुढचं लिहितो. भाड्याने गाडी घेणाऱ्यांनी एवढंच पाहावं की भारतातून आणलेला आंतरराष्ट्रीय परवाना 1949 च्या जिनिव्हा कराराप्रमाणे आहे. स्टिअरिंग उजवीकडे, गाडी डावीकडून, त्यामुळे हात बसायला वेळ लागत नाही.

तोमेई एक्सप्रेसवेने अत्सुगी, तिथून ओदावारा-अत्सुगी रोड. या रस्त्यावर मर्यादा ताशी 70 आहे आणि साध्या गाडीच्या वेशातले पोलीस हमखास असतात. रस्ता रुंद आणि मोकळा दिसतो, पाय आपोआप खाली जातो. 70 म्हणजे 70.

हायाकावाला हाकोने टर्नपाइक सुरू होतो. खाजगी टोल रस्ता, रात्री बंद असतो, सकाळी लवकर पोहोचलात तर जवळजवळ तुमच्या एकट्याचा. इथे मी तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवूनच चढत होतो. समुद्राच्या पातळीजवळून निघून दाइकानझान या माथ्यावर हजार मीटरच्या वर पोहोचेपर्यंत तो काटा मधोमध राहिला. विचार केला तर कारण साधं आहे. चढावर तुम्ही तिसऱ्या गिअरवर, आरपीएम चढलेले, पाण्याचा पंप जोरात फिरतोय, पंखा जोरात फिरतोय आणि समोरून वारा रेडिएटरमधून आरपार जातोय. इंजिन कष्ट करतं, पण उष्णतेला बाहेर पडायला वाट असते. सहा सिलिंडरचा तो आवाज कड्यावर आदळून परत येतो तेव्हा या गाडीवर घालवलेला प्रत्येक रविवार वसूल होतो. एवढ्या एका चढासाठी ही गाडी ठेवावी असं माझं ठाम मत आहे.

घाट चढताना नाही, उतरताना जपा. टर्नपाइकवर ब्रेक निकामी झालेल्या गाड्यांसाठी बाजूला खडीचे चढ करून ठेवले आहेत, ते उगाच नाहीत. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात पाणी मुरलेलं असतं, ते उकळतं आणि पेडल जमिनीला टेकतं. निघण्याआधी ऑइल बदला आणि ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरवा.

इझू स्कायलाइनबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. अतामी खिंडीपासून अमागी पठारापर्यंत डोंगरमाथ्यावरून सुमारे 40 किलोमीटर, सुंदर, सोपा. धुकं येतं. दिवे चालू ठेवा.

आता 135.

स्कायलाइनवर कामेइशी खिंडीला फाटा आहे. पूर्वेला उतरलं की उसामी, आणि मग समुद्राकाठाने अजिरो, अतामी, युगावारा, मानाझुरू, नेबुकावा, हायाकावा. बहुतेक ठिकाणी दोन्ही बाजूंना एकेकच लेन. अतामी बीच लाइन आणि मानाझुरू रोड हे टोलचे रस्ते मध्ये थोडा दिलासा देतात, पण नेबुकावाच्या अलीकडे सगळी वाहनं पुन्हा त्याच एका लेनमध्ये कोंबली जातात. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, थांबायला जागा नाही. रविवारी दुपारी सगळं टोकियो आणि योकोहामा याच वाटेने घरी परततं.

अशा कोंडीत या गाडीचं काय होतं ते नीट समजून घ्या, कारण माहितीपुस्तिकेत ते सापडत नाही. एल इंजिनच्या हेडमध्ये, म्हणजे वरच्या भागात, पेट्रोल-हवेचं मिश्रण आत जाण्याची आणि धूर बाहेर पडण्याची वाट एकाच बाजूला आहे. म्हणजे कार्ब्युरेटर थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे धूर गोळा करणाऱ्या लोखंडी नळ्यांच्या डोक्यावर बसतात. गाडी चालत असते तोवर वारा ती उष्णता घेऊन जातो. गाडी उभी राहिली की खालचं लाल तापलेलं लोखंड वरच्या कार्ब्युरेटरला भाजत राहतं. पंखा बेल्टवर चालतो, त्यामुळे आयडलिंगला तो सगळ्यात हळू फिरतो, नेमका तेव्हाच जेव्हा त्याची सगळ्यात जास्त गरज असते. पेट्रोलचा पंप यांत्रिक, इंजिनला चिकटलेला, आणि पेट्रोलची नळी इंजिनच्या पुढून थर्मोस्टॅटजवळून वळसा घालून कार्ब्युरेटरकडे जाते. नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. गाडी आधी आचके देते, मग मिसिंग करते, मग मरते.

माझी नेबुकावाच्या अलीकडे मेली. मागे भोंगे नाहीत, जपानमध्ये कोणी भोंगा वाजवत नाही, पण मैलभर रांग आपल्यामुळे अडली आहे हे कळत असतं आणि ते जास्त जड जातं. काचा खाली केल्या की मागच्या दाराच्या जुन्या रबरातून धूर आत ओढला जातो, वर केल्या की आत भट्टी. (हे रबर आणि मागच्या दिव्यांची गॅस्केट आधी बदला. डोकं दुखणं हे हौसेचा भाग नाही, तो कार्बन मोनॉक्साइड आहे.) अंधार पडायला लागला, दिवे लावले, आणि मधल्या गोल मीटरमधला अँपिअरचा काटा उणेकडे झुकला. वीज तयार करणारा मूळचा अल्टरनेटर लहान आहे, आयडलिंगला दिवे आणि वायपर दोन्ही ओढण्याची त्याची ताकद नाही. शिवाय मूळ वायरिंगमध्ये हेडलाइटचा पूर्ण करंट स्विचमधूनच जातो, म्हणून स्विच आणि फ्यूज बॉक्स हाताला चटका देण्याइतके गरम होतात. रिले बसवून घ्या. खर्च किरकोळ आहे.

तापलेली गाडी पुन्हा सुरू करण्याची एकच रीत आहे. चोक अजिबात ओढू नका. पेट्रोल आधीच उकळून मॅनिफोल्डमध्ये उतरलेलं असतं. ॲक्सिलरेटर पुन्हा पुन्हा दाबून उपयोग नाही, या कार्ब्युरेटरला पेट्रोल फवारणारा पंपच नाही. पाय पूर्ण खाली दाबून धरा, स्टार्टर थोडा थोडा वेळ मारा, इंजिनने पकड घेतली की पाय हळूच वर. बॉनेट पहिल्या खटक्यापर्यंत सैल करून ठेवलं तर उष्णता निघते, पण फक्त उभ्या गाडीत. नळीवर कपड्यांचे लाकडी चिमटे लावण्याचा जुना उपाय बरेच जण छातीठोकपणे सांगतात. मी लावले होते. काहीही फरक पडत नाही.

शेवटी बॅटरीच बसली आणि टो करण्याची वेळ आली. मी जाफचा, म्हणजे जपान ऑटोमोबाइल फेडरेशनचा सभासद आहे, रस्त्यावरून #8139 लावला की ते येतात, आणि त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कोंडीत त्यांची गाडीही कोंडीतूनच येणार. तोवर एक खाजगी टोवाला पोहोचला आणि रस्ता मोकळा करायची घाई झाली. हायाकावाच्या पार्किंगपर्यंतच्या काही किलोमीटरचं बिल हातात पडलं तेव्हा वाचतच राहिलो. सुट्टीचा अधिभार वेगळा, बुटक्या गाडीचा वेगळा, जुन्या गाडीच्या विशेष काळजीचा वेगळा. ही सरळ लूट आहे. गाडी टोवाल्याच्या ट्रकवर चढण्याआधी एकूण रक्कम कागदावर लिहून घ्या, नाहीतर चढवू देऊ नका. आणि घरून निघण्याआधी तुमच्या विम्यात रोड सर्व्हिस आहे का, किती किलोमीटरपर्यंत टो फुकट आहे, आणि टोवाला स्वतः बोलावला तर पैसे परत मिळतात का, हे विचारून ठेवा. अनेक विम्यांत ही सोय असते, पण आधी त्यांना फोन करण्याची अट असते.

पुढचा धक्का गॅरेजमध्ये. तिथे म्हणाले दोन्ही कार्ब्युरेटर पूर्ण उघडून नवे करावे लागतील, आणि आकडा असा सांगितला की त्यात इझूला पुन्हा पुन्हा जाऊन येता आलं असतं. मी नकार दिला आणि गाडी घरी आणून स्वतः वाकून पाहिलं. कार्ब्युरेटरच्या खाली, एक्झॉस्टच्या वर जो उष्णता अडवणारा पत्रा असतो, तो जागेवर नव्हताच. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्या मधले जाड इन्सुलेटरही नव्हते, तिथे कागदी गॅस्केट होती. गाडी मला 'पूर्ण रिस्टोअर केलेली' म्हणून विकली गेली होती, रंग आरशासारखा आणि खाली जाड काळा अंडरकोट. अशी गाडी घेताना रंगाकडे पाहू नका. बॅटरीखालचा ट्रे, जमिनीखालच्या चॅनेल, मागच्या चाकांच्या कमानी आणि मागच्या दाराची खालची कड, या चार ठिकाणी गंज शोधा, आणि मग हा पत्रा आहे की नाही ते बघा. दिसायला फालतू वस्तू आहे. तीच तुम्हाला घरी आणते.

पत्रा, इन्सुलेटर, पेट्रोलच्या नळीवर उष्णतारोधक आवरण, टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप, रेडिएटरसमोर थर्मोस्टॅटवर चालणारा इलेक्ट्रिक पंखा आणि त्याला पेलणारा मोठा अल्टरनेटर. कामं याच क्रमाने करा. पत्र्याशिवाय पंप बसवणं म्हणजे पैसे वाया. मूळपण जाईल म्हणून इलेक्ट्रिक पंखा नको म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पंखा काढता येतो, तापून वाकलेलं हेड सरळ करणं फार महाग पडतं.

आणि रस्ता. कामेइशी खिंडीला पूर्वेला वळूच नका. पश्चिमेला ओहितोकडे उतरा, तिथून इझू-जुकान मार्गाने नुमाझू आणि मग तोमेई. अंतर वाढतं, टोल वाढतो. यामातो बोगद्याजवळ तोमेईवरही कोंडी होते, पण तिच्या आधी अशिगारा आणि एबिना हे विश्रांतीथांबे आहेत, जिथे बॉनेट उघडून गाडी थंड होईपर्यंत निवांत बसता येतं. 135 वर ती सोय नाही. कोणत्याही कारणाने किनाऱ्यावर अडकलातच, तर युगावारा ते हायाकावा मिकान म्हणजे जपानी संत्र्यांच्या बागांमधून जाणारा 740 क्रमांकाचा जुना रस्ता आहे. अरुंद आहे, वळणांचा आहे, समोरून गाडी आली की मागे घ्यावी लागते, पण चाक फिरत राहतं आणि या इंजिनला तेवढंच हवं असतं. गोल्डन वीक (एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीच्या सलग सुट्ट्या) आणि ऑगस्टमधल्या ओबोन या सणाच्या दिवसांत तर हाही पर्याय धरू नका. त्या दिवसांत पहाटे टर्नपाइकवर जा, दाइकानझानला फुजी पाहा, आणि नऊच्या आत त्याच वाटेने गिअरवर खाली उतरा.