२२५ ची मर्यादा आणि एक त्रुटी-संदेश

त्या दिवशी सकाळी रात्रीच्या वेगचाचणीचा निकाल उघडला, तेव्हा येणारे संदेश उलगडणारा आमचा प्रोग्रॅम आदल्या दिवसापेक्षा चांगलाच मंदावलेला दिसला. कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर तोच होता, यंत्र तेच होते आणि कोडमध्ये एकच बदल झाला होता. एक-एक बाइट वाचणाऱ्या छोट्या फंक्शनमध्ये, वाचन बफरच्या (आलेला डेटा ठेवलेल्या मेमरीच्या तुकड्याच्या) बाहेर गेल्यास नेमक्या स्थानासह त्रुटी-संदेश तयार करण्याची सोय एका सहकाऱ्याने केली होती. ती तपासणी पूर्वीपासून होती, संदेश तेवढा नवीन होता. चाचणीतला सगळा डेटा निर्दोष असल्यामुळे संदेशाच्या त्या ओळी एकदाही चालल्या नव्हत्या. न चाललेल्या ओळींनी वेग कसा घटवला, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना.

पर्फ या साधनाने काढलेल्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे कोणत्या फंक्शनात किती वेळ गेला याच्या नोंदीत, धागा सापडला. हे फंक्शन पूर्वी प्रोफाइलमध्ये दिसतच नसे, कारण कंपायलर ते मुख्य लूपमध्ये इनलाइन करत असे, म्हणजे त्याला कॉल करण्याऐवजी त्याचा कोडच तिथे उतरवत असे. आता ते स्वतंत्र नावाने सर्वांत वर बसले होते. आमच्या कंपायलरला, क्लँगला, इनलाइन न झालेल्या जागांचे शेरे छापायला सांगितले, तेव्हा त्याने स्वच्छ उत्तर दिले: इनलाइन करणे फार महाग, खर्च २८५, मर्यादा २२५.

हा खर्च म्हणजे वेळ नव्हे. क्लँग ज्यावर उभा आहे त्या एलएलव्हीएमचा इनलायनर, म्हणजे काय इनलाइन करायचे ते ठरवणारा भाग, साधारणपणे प्रत्येक सूचनेला ५ गुण धरतो आणि आत राहणाऱ्या प्रत्येक कॉलवर आणखी २५ गुणांचा दंड लावतो. प्रोफाइलची माहिती पुरवलेली नसेल, तर एखादी शाखा कोटीत एकदा चालते की दर वेळी, याचा या बेरजेवर सहसा परिणाम होत नाही. संदेश जुळवण्यासाठी लागणारे तीन-चार कॉल आणि त्यांचे आर्ग्युमेंट (त्यांना द्यायची मूल्ये) एवढ्यानेच फंक्शन मर्यादेबाहेर गेले होते. ओ३ या अधिक आक्रमक सुधारणांच्या पातळीवरही मर्यादा २५० च असल्याने तिथेही सुटका नव्हती.

तेव्हा मी घाईने सोपा मार्ग धरला आणि संपूर्ण बिल्डसाठी मर्यादा ३०० केली. बाइट वाचण्याची छोटी चाचणी लगेच पूर्ववत झाली, पण पूर्ण प्रोग्रॅम मात्र सकाळपेक्षाही मागे पडला. हे फंक्शन शेकडो ठिकाणांहून बोलावले जात होते, त्यामुळे संदेश जुळवण्याचा सगळा पसारा त्या प्रत्येक ठिकाणी उतरला आणि त्याच्या जोडीला प्रोग्रॅमभरातली इतर मध्यम आकाराची फंक्शनेही आत ओढली गेली. या प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरला सूचनांसाठी पहिल्या पातळीची कॅश (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी) ३२ किलोबाइटचीच आहे आणि तिच्यात सूचना न सापडण्याचे प्रमाण मोजणीत उघड वाढलेले होते. फंक्शनला ‘इनलाइन’ हा शब्द लावला असता तर मर्यादा त्याच्यापुरती ३२५ झाली असती, पण तो पसारा मग त्याच शेकडो ठिकाणी पसरला असता, म्हणून तो मार्गही मी सोडला.

मर्यादा पुन्हा २२५ वर आणली आणि संदेश जुळवण्याचे काम वेगळ्या फंक्शनमध्ये काढून त्यावर ‘नोइनलाइन’ (इनलाइन करू नये) आणि ‘कोल्ड’ (क्वचितच चालते) या खुणा लावल्या. आत आता एकच कॉल उरला, खर्च २०५ झाला आणि फंक्शन पुन्हा इनलाइन होऊ लागले. तरीही वेग पूर्णपणे परत आला नव्हता. दिवसाचा सर्वांत मोलाचा भाग खरे तर इथून सुरू झाला.

लूपचे असेम्ब्ली, म्हणजे कंपायलरने तयार केलेल्या यंत्रसूचना, ओळीने वाचताना लक्षात आले की वाचनाचे स्थान प्रत्येक बाइटला मेमरीतून उचलले जाते, एकाने वाढवले जाते आणि पुन्हा मेमरीत ठेवले जाते. हे स्थान ज्या वाचक-ऑब्जेक्टमध्ये होते तो लूपच्या फंक्शनमधलाच स्थानिक होता. जुन्या कोडमध्ये सर्व काही इनलाइन झाल्यावर त्याचा पत्ता कोणाकडेच जात नसे, म्हणून कंपायलर त्याचे तुकडे करून स्थान थेट रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्याच जागेत, ठेवत असे. मी मात्र नव्या त्रुटी-फंक्शनला सोयीसाठी तो अख्खा ऑब्जेक्ट रेफरन्सने, म्हणजे त्याचा पत्ता देऊन, दिला होता. कधीही न चालणाऱ्या त्या कॉलसाठी पत्ता बाहेर द्यावा लागत असल्यामुळे ऑब्जेक्टला मेमरीतच राहणे भाग होते. इनलायनिंगचा खरा लाभ कॉल वाचण्यात थोडा आणि अशा पुढच्या सुधारणांना वाट मोकळी होण्यात फार मोठा असतो, हे मला ठाऊक होते, तरी ती वाट मीच अडवून बसलो होतो.

मग त्रुटी-फंक्शनची सही, म्हणजे त्याला काय द्यायचे याची व्याख्या, बदलली. ऑब्जेक्टऐवजी स्थान आणि बफरची लांबी असे दोनच पूर्णांक त्याला मूल्याने, म्हणजे पत्ता न देता, दिले. पुढच्या बिल्डमध्ये लूपमधून तो मेमरीचा फेरा नाहीसा झाला, स्थान रजिस्टरमध्ये गेले आणि पूर्ण प्रोग्रॅमचा वेग आदल्या दिवसाच्या आकड्याला येऊन भिडला. सहकाऱ्याचा संदेश त्यातल्या एका अक्षरालाही धक्का न लागता तसाच राहिला. संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून एक मुद्दाम तुटका संदेश प्रोग्रॅमला दिला आणि त्रुटी नेमक्या स्थानासह छापली जाते याची खात्री करून बदल जमा केला.