नुसता कोड नको, इमेज टेस्ट करा
आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात नवीन जॉइन झालेली पोरं युनिट टेस्ट (कोडच्या छोट्या तुकड्यांची टेस्ट) एकदम मनापासून लिहितात, कव्हरेजवरून (किती कोड टेस्ट झाला यावरून) भांडतात पण, पण डॉकरची इमेज, म्हणजे ॲप आणि ते चालायला लागणारं सगळं सामान एकत्र बांधलेलं पॅकेज, बिल्ड झाली की काम संपलं असं धरून चालतात, आणि हे मला खरंच खटकतं. कारण प्रॉडक्शनला जाते ती इमेज, आणि तिच्यात आपल्या कोडपेक्षा बाकीचंच सामान जास्त असतं, बेस ओएस, लायब्ररी, सर्टिफिकेट, युजर, टाइमझोन.

टाइमझोनचंच बघा ना. अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या बेस इमेजमध्ये टीझेडडेटा, म्हणजे टाइमझोनच्या माहितीचं पॅकेज, येत नाही. तुम्ही टीझेड व्हेरिएबलमध्ये एशिया/कोलकाता टाकलंत तरी तिथली मसल ही सी लायब्ररी गुपचूप यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) जाते, एरर नाही काही नाही. मग १ तारखेला पहाटे साडेपाचच्या आत झालेली ऑर्डर मागच्या महिन्यात जाऊन बसते! लॅपटॉपवर युनिट टेस्ट सगळ्या हिरव्या, कारण लॅपटॉपवर टीझेडडेटा आहे. इमेजमध्ये डेट कमांड चालवून आउटपुटमध्ये आयएसटी येतंय का एवढं बघणारी एक टेस्ट असली की हे बिल्डलाच पकडलं जातं.

यासाठी गूगलचं कंटेनर-स्ट्रक्चर-टेस्ट हे टूल मला आवडतं, एका यॅमल (साध्या टेक्स्ट सेटिंगच्या) फाईलमध्ये लिहायचं की ही कमांड चालव, ही फाईल आहे का बघ, परमिशन बघ, युजर रूट (सगळे अधिकार असलेला) तर नाही ना बघ. बास.

पण त्यावर थांबू नका, कंटेनर, म्हणजे त्या इमेजवरून चालणारं ॲप, खरंच चालू करा आणि बंद पण करून बघा. बंद करायची टेस्ट जवळपास कोणीच लिहीत नाही. डॉकर स्टॉप ही कमांड आधी सिगटर्म (नीट बंद हो असा सिग्नल) पाठवते, १० सेकंद थांबते आणि मग सरळ सिगकिल (जबरदस्तीने बंद), तेव्हा एक्झिट कोड १३७ येतो. डॉकरफाईलमधला एंट्रीपॉइंट (कंटेनर सुरू होताना चालणारी कमांड) शेल फॉर्ममध्ये, म्हणजे कंसाशिवाय साध्या ओळीत, लिहिला असेल तर पीआयडी १ वर, म्हणजे पहिल्या प्रोसेसच्या जागी, शेल बसतं, ते सिग्नल पुढे देत नाही, म्हणजे तुमच्या ॲपला निरोपच मिळत नाही आणि प्रत्येक डिप्लॉयला चालू रिक्वेस्ट मध्येच तुटतात. टेस्टमध्ये १३७ आला की बिल्ड फेल, माझा तरी हाच आग्रह असतो.

ट्रिव्ही या सिक्युरिटी स्कॅनरचा स्कॅन लावाच, आणि तो रोज चालवा, इमेज तीच राहिली तरी नवीन सीव्हीई (जाहीर झालेल्या सुरक्षेच्या त्रुटी) येतच असतात, डिसेंबर २०२१ चं लॉग४शेल, म्हणजे जावाच्या लॉग४जे लायब्ररीतली त्रुटी, आठवा, आदल्या दिवशीपर्यंत क्लीन दिसणाऱ्या इमेज एका रात्रीत धोक्यात आल्या होत्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टेस्ट झालेली इमेजच पुढे पाठवा. टेस्टिंगला एक बिल्ड आणि प्रॉडक्शनला परत वेगळा बिल्ड असं बऱ्याच ठिकाणी चालतं, डॉकरफाईल तीच असली तरी मधल्या काळात ॲप्ट-गेटने (पॅकेज इन्स्टॉल करणाऱ्या कमांडने) नवीन व्हर्जन उचललं की ती दुसरीच इमेज झाली, तिची टेस्ट कोणीच केलेली नाही. टॅगवर, म्हणजे इमेजला दिलेल्या नावाच्या लेबलवर, पण विसंबू नका, टॅग उद्या दुसऱ्या इमेजवर फिरवता येतो. पाइपलाइनमध्ये एकदाच बिल्ड करा, त्याचा शा२५६ डायजेस्ट (इमेजच्या मजकुरावरून निघणारा ठसा) पकडा आणि स्टेजिंग (प्रॉडक्शनच्या आधीची चाचणीची जागा), प्रॉडक्शन दोन्हीकडे तोच डायजेस्ट लावा.