अठराचा हिशोब

बाराव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे दांड्यावरचे धातूचे पडदे) सुरात आणि तिथून वर चढत जाणारी बेसूर गिटार माझ्याकडे त्याआधी कधी आली नव्हती. एखादा फ्रेट उचललेला असतो, नेक, म्हणजे तो दांडा, वाकलेली असते, तारा जुन्या झालेल्या असतात, असलं नेहमीचं काहीतरी निघतं. इथे नेक सरळ होती, तारा नव्या होत्या आणि फ्रेट एका पातळीत घासलेले होते.

मी भुसावळला राहते. घराच्या मागच्या खोलीत माझं १० वॅटचं डायोड लेझर मशीन आहे. पोट भरतं ते दारावरच्या पाट्यांवर आणि लग्नाच्या कटआउटवर, जीव मात्र इलेक्ट्रिक गिटारीत अडकलाय. लेझरनं गिटार कापता येत नाही, हे येणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगावं लागतं. बॉडी ४५ मिलिमीटर जाड असते, माझं मशीन तिला फक्त काळी करेल. लेझरचं खरं काम टेम्प्लेटचं. ६ मिलिमीटरच्या एमडीएफमधून बॉडीचा आकार, पिकअपची (तारांचा आवाज टिपणाऱ्या चुंबकांची) भोकं, नेक बसायची खोबण कापायची. ती पाटी लाकडावर चिकटवायची आणि बेअरिंगवालं बिट लावून राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं यंत्र, तिच्या कडेनं फिरवायचा. नेकच्या खोबणीत अर्ध्या मिलिमीटरचाही खेळ नको असतो, आणि हातानं आखलेल्या टेम्प्लेटमध्ये तो राहतोच राहतो.

तर ही गिटार अमळनेरकडचे एक सुतारमामा आणि त्यांचा भाचा घेऊन आले होते, सकाळच्या पॅसेंजरनं. महिना मेचा. भाचा लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो. बॉडी मामांनी स्वतः घडवलेली, पाडलेल्या धाब्याच्या घरातल्या सागवानी तुळईतून. मी ती उलटी करून बघितली. जुन्या खिळ्यांची भोकं सागाच्याच खुंट्यांनी इतकी साफ बुजवली होती की नख फिरवलं तरी जोड लागत नव्हता. नेकही त्यांचीच. अशी गिटार बेसूर असेल यावर माझा विश्वास बसेना.

"खाले बराबर वाजस ताई," भाचा म्हणाला, "वर गयं की सूर चढस. कीबोर्डवाला मन्हाकडे दखत ऱ्हास."

ट्यूनर लावला. मोकळी तार बरोबर, बारावा फ्रेट बरोबर, पाचवा आणि सातवाही काट्यावर. सतराव्याला सूर तीन-चार सेंट वर. तिथून चढत चढत बाविसाव्याला दहाच्या आसपास. शंभर सेंटचा एक अर्धस्वर होतो, म्हणजे दहा सेंट एकट्या गिटारीत कदाचित खपूनही जातील. पण शेजारी कीबोर्ड तोच स्वर धरून बसला असेल तर कानाला टोचतंच. मुलाचा कान चांगला होता.

चूक जर अशी ओळीनं वाढत जात असेल तर ती हाताची नसते. हात चुकला तर एखादा फ्रेट इकडे, एखादा तिकडे जातो. ही चूक हिशोबातली होती. शेजारचे आबा रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेत. त्यांच्याकडून व्हर्निअर (बारीक मापाचं कॅलिपर) आणि मीटरची पोलादी पट्टी मागून आणली, आणि वस्तू मागितली की मागोमाग आबाही येतात, तसे तेही आले. नटपासून, म्हणजे नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या तुकड्यापासून, पहिल्या फ्रेटचा मध्य ३६ मिलिमीटर. नटपासून बारावा साधारण ३२१.६.

मामांना स्केल विचारली, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत (बॉडीवरच्या घोडीपर्यंत) तारेची लांबी. म्हणाले, ६४८. म्हणजे साडेपंचवीस इंच, लिओ फेंडरनं १९५० च्या सुमारास आपल्या गिटारींना दिली तीच. नट ते ब्रिज अंतर ६४८ असेल तर बारावा फ्रेट बरोबर अर्ध्यावर, ३२४ वर हवा. हा जवळजवळ अडीच मिलिमीटर अलीकडे होता. आणि पहिला अचूक ३६. आबांनीच तोंडी भागाकार केला, "६४८ भागिले १८."

मामांनी पिशवीतून वही काढली. बँजो बनवणाऱ्या त्यांच्या उस्तादानं सांगितलेला हिशोब त्यात होता. पूर्ण लांबीला १८ नं भागा, पहिला पडदा तिथे. उरलेल्या लांबीला पुन्हा १८ नं भागा, दुसरा तिथे. असंच पुढे. बाविसाव्यापर्यंतचे आकडे त्यांनी पेन्सिलीनं दोन दशांशांपर्यंत काढलेले होते. मी त्यातले बरेच तपासले, भागाकारात एकही चूक नव्हती. फ्रेटही वहीत लिहिल्या जागीच बसलेले होते.

"हिशोब चुकना का मन्हा?" त्यांनी विचारलं. आवाज पडला होता.

नियम फार जुना आहे, हे मी त्यांना सांगितलं. सोळाव्या शतकात इटलीत व्हिन्चेन्झो गॅलिली नावाचे ल्यूटवादक होते, दुर्बिणीवाल्या गॅलिलिओचे वडील. एका अर्धस्वरासाठी १८ला १७ हे गुणोत्तर त्यांनी मांडलं आणि तंतुवाद्यं बनवणाऱ्यांनी ते पुढे शेकडो वर्षं वापरलं. त्यात शहाणपणही आहे. नुसता आकडा बघितला तर बारा पायऱ्यांत सप्तक पुरं होत नाही, साडेबारा सेंट कमी पडतं. पण दाबलेली तार ताणली जाऊन सूर आपोआप थोडा चढतो, आणि ब्रिज जरा पुढे घेतला की बारावा जुळतो. मामांनी तेच केलं होतं, नुसत्या कानानं. ब्रिज पुढे घेतल्यावर खालचे फ्रेट एखाद-दुसऱ्या सेंटात बसतात. तूट निघते ती बाराव्याच्या वर. ल्यूटला, जुन्या बँजोला इतक्या वर जायचं कामच नसतं. बाविसाव्या फ्रेटवर सोलो वाजवणारा भाचा त्या उस्तादाच्या हिशोबात धरलेला नव्हता.

आजचा भाजक १७.८१७. बारा सारख्या पायऱ्यांत लांबी नेमकी निम्मी झाली पाहिजे, त्यातून तो निघतो. पहिला फ्रेट ३६ च्या ऐवजी ३६.३७ वर येतो. एवढ्याशा फरकाचं पुढे इतकं होतं हे बघून मामा वहीच्या नव्या पानावर पुन्हा भागाकार मांडायला बसले. मी म्हटलं, मामा, तुम्ही मांडा, तोवर मी मशीन लावते.

माझ्या मशीनचा बेड ४०० बाय ४००. बाविसावा फ्रेट नटपासून ४६६ मिलिमीटरवर येतो, म्हणजे फिंगरबोर्ड, नेकवर फ्रेट बसतात ती फळी, सरळ मावतच नाही. बरेच जण दोन भागांत कापतात, अर्धं झालं की पट्टी सरकवून पुढचं. मला ते पटत नाही. सगळी पट्टी सारख्या प्रमाणात हजारात एकानं लहान झाली तर सूर बिघडत नाही, गुणोत्तरं तीच राहतात आणि ब्रिज तेवढा सरकवता येतो. जोडापाशी अर्धा मिलिमीटर चुकला तर मात्र त्याच्या पुढचे सगळे फ्रेट चुकले. पहिल्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर म्हणजे दीड सेंटही नाही, बाविसाव्यावर तोच जवळपास पाच सेंट. म्हणून मी पट्टी कर्णरेषेत लावते. चाळीस मिलिमीटर रुंद आणि ४८० लांब पट्टी ४५ अंशांत तिरकी ठेवली की आरामात मावते. त्याआधी एक मोठा चौकोन हलका आखून दोन्ही बाजू आणि दोन्ही कर्ण पट्टीनं मोजून घ्यायचे.

ही पट्टी म्हणजे फिंगरबोर्ड नव्हे, टेम्प्लेट. ३ मिलिमीटरचं काळं ॲक्रिलिक. काळंच, कारण डायोड लेझरचा निळा उजेड पारदर्शक ॲक्रिलिकमधून सरळ आरपार जातो, कापत नाही. पट्टीच्या कडेला प्रत्येक फ्रेटच्या जागी एक खाच. करवत चालवायच्या पेटीत एक पिन असते, ती खाचेत बसली की फळी त्या जागी अडकते आणि करवत नेमकी तिथेच उतरते. लेझरची रेघ स्वतःची थोडी जाडी खाते, पण दोन्ही कडांनी सारखीच खाते. खाच रुंद होते, तिचा मध्य हलत नाही, आणि मला मध्याशीच मतलब.

थेट शिसवात लेझरनं खाचा का नाही, हे आबांनीही विचारलं. टाकाऊ तुकड्यांवर करून पाहिलेलं आहे. भिंती जळून कोळसा होतात, खाच खाली निमुळती होते, आणि फ्रेटच्या लाकडात रुतणाऱ्या शेपटीचे काटे त्या कोळशात धरत नाहीत. शेपटीसाठी सुमारे ०.५८ मिलिमीटरची सरळ, स्वच्छ खाच लागते. ती करवतीनंच होते.

कूलर बंद केला. त्याच्या ओल्या वाऱ्यानं एमडीएफ फुगतं आणि धूर खोलीभर पसरतो. धूर ओढणारा पंखा खिडकीत लावला, सगळ्यांना चष्मे दिले आणि कट सुरू केला. निम्म्याच्या वर खाचा झाल्या होत्या आणि लाइट गेली.

मशीनचं डोकं जिथे होतं तिथेच थांबलं. लाइट आल्यावर ते पुन्हा कोपऱ्यात जाऊन आपलं शून्य शोधतं आणि बहुतेक वेळा बरोबर शोधतं. पण त्या 'बहुतेक'वर मला फ्रेट बसवायचे नव्हते. मी पट्टी उचलून बाजूला ठेवली.

"मंग हाई पट्टी फेकी देवानी?" मामा कळवळले. ॲक्रिलिकचा तुकडा फुकट जाताना सुताराला बघवत नाही. मी म्हटलं, हिचे कानातले कापीन, पण गिटारीला ही नाही.

बाहेर पारा ४५ च्या पुढे, आत पंखा नाही. मामा रिकामे बसणाऱ्यांतले नव्हेत. जुना फिंगरबोर्ड काढायचाच होता. फ्रेट त्यांनी जमुरानं एकेक करून उपटले, चिपळी न उडवता. फिंगरबोर्ड पांढऱ्या गोंदानं चिकटवलेला, तो उष्णतेनं ढिला पडतो. एरवी मी कपड्यांची इस्त्री वापरते, पण लाइट कुठे होती. भाचा गल्लीतल्या इस्त्रीवाल्याकडून कोळशाची इस्त्री घेऊन आला. मामांनी ती फिंगरबोर्डवर ठेवली, थोडी थोडी सरकवत नेली आणि टोकाकडून पातळ सुरी घातली. आधी काही हललं नाही. मग गोंदाचा आंबूस वास आला आणि सुरी आपणहून आत जायला लागली. साधारण तासाभरात अख्खा फिंगरबोर्ड एका तुकड्यात निघाला. खाली नेकचं सागवान कुठेही उचकटलं नव्हतं.

तेवढ्यात भाच्यानं पांढरी शीट पुढे केली. पिकगार्डसाठी, म्हणजे बॉडीला ओरखड्यांपासून वाचवणाऱ्या प्लेटसाठी, साइनबोर्डवाल्याकडून आणली होती, लाइट आली की हीपण कापा म्हणाला. मी आधी विचारते, कशाची आहे? त्याला माहीत नव्हतं, दुकानदारालाही सांगता आलं नव्हतं. अशा वेळी मी एकच करते. घरातल्या वायरचा तांब्याचा तुकडा सोलून गॅसवर लाल केला, ज्योतीला रंग येईनासा होईपर्यंत. तापलेलं टोक शीटच्या कोपऱ्याला टेकवलं, थोडं प्लास्टिक चिकटलं, ते पुन्हा ज्योतीत धरलं. ज्योत झर्रकन हिरवी झाली. सगळे वाकून बघत होते. हिरवी ज्योत म्हणजे आत क्लोरीन, आणि अशा शीटमध्ये क्लोरीन म्हणजे पीव्हीसी. लेझरखाली त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो छातीत जातो आणि मशीनच्या पोलादी भागांना गंज चढवतो. बाजारातली बरीच तयार पिकगार्डं पीव्हीसीचीच असतात, त्यात वाईट काही नाही, फक्त ती लेझरखाली घालायची नाहीत. ही गोष्ट मी भेटेल त्या प्रत्येक लेझरवाल्याला सांगते, कारण बंद खोलीत असली शीट कापणारे मी पाहिलेत. ती शीट मामांनी नंतर घरी बारीक करवतीनं कापली.

"लाइट उनी!" भाचा ओरडला तेव्हा ऊन उतरलं होतं. तापलेल्या डायोडची ताकद कमी होते, म्हणून मशीनला आणखी थोडं थांबू दिलं. मग नवी काळी पट्टी, तोच कर्ण, आणि यावेळी अखंड कट. आबांनी व्हर्निअर आणि पट्टीनं मोजलं. पहिली खाच ३६.४ च्या जरा आत, बारावी ३२४ वर. मामांनी वहीतल्या आपल्या नव्या भागाकाराशी ताडून पाहिलं.

शिसवाची फळी टेम्प्लेटवर दुतर्फी टेपनं चिकटवली. करवत मी मामांच्या हातात दिली. माझ्या हातापेक्षा तो हात चांगला आहे हे सकाळी खुंट्या बघितल्या तेव्हाच कळलं होतं. ते करवत दाबत नव्हते, तिच्याच वजनानं उतरू देत होते. प्रत्येक खाचेनंतर फुंकर आणि पुढची पिन. एवढ्या खाचांत कुठे बूड वरखाली नाही.

फिंगरबोर्ड चिकटवणं, त्याला गोलाई देणं, फ्रेट ठोकणं हे सगळं मामांनी गावी जाऊन केलं. पुढे भाच्यानं ट्यूनरचा व्हिडिओ पाठवला. बाविसाव्या फ्रेटवर काटा मध्यापासून दोन सेंटांत होता. मागून मामांचा आवाज होता, पट्टी जपून ठेवली आहे, आता दुसऱ्या एका मुलाची गिटार घ्यायची आहे आणि त्याला आखूड स्केल पाहिजे. "६२८ नी बी एक काढी ठेवा ताई." पहिला फ्रेट ३५.२५ वर येतो हे त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं.