मानौसला जाताय? कांदिरूच्या भीतीने पाण्यात उतरायचं टाळू नका

ऑक्टोबरमधे ब्राझीलला मानौसला जाऊन आलो, आणि जायच्या आधी महिनाभर घरात एकच विषय, कांदिरू. बहिणीने व्हिडिओ बघून ठेवलेला, की नदीत लघवी केली की हा मासा थेट लघवीच्या जागेतून आत शिरतो आणि काटे रोवून बसतो, म्हणून ती पाण्यात उतरणारच नाही म्हणत होती.

मी तो मासा बघितला. सोलिमोइस नदीत (अ‍ॅमेझॉनचंच तिथलं नाव) होडीवाल्याने भलामोठा कॅटफिश ओढला आणि कल्ल्याचं झाकण बोटाने उचलून दाखवलं. आत उदबत्तीच्या काडीसारखा बारीक जीव, अंग काचेसारखं आरपार आणि पोटात भरलेलं लाल रक्त बाहेरून दिसत होतं. त्याचं जेवण म्हणजे मोठ्या माशांच्या कल्ल्यातलं रक्त, एक-दोन मिनिटांत पोट भरलं की बाहेर. काटे खरेच आहेत, पण ते त्याच्या कल्ल्यांच्या झाकणांवर, माशाला धरून राहायला.

माणसाच्या अंगात शिरण्याची गोष्ट जुनी आहे, १८२९ मधे मार्टियस नावाच्या जर्मन संशोधकाने तिथल्या लोकांकडून ऐकून लिहिली. मधे १९९७ ला इताकोआतियारा गावच्या एका तरुणाची केस जगभर गाजली, पण नंतर तपासणाऱ्यांना त्यात बऱ्याच गोष्टी जुळल्या नाहीत, मासा लघवीच्या धारेतून वर चढणं तर शक्यच नाही. पुढे २००१ मधे प्रयोग झाले त्यात लघवीतल्या अमोनियाच्या वासाने तो खेचला जातो असं काही दिसलं नाही. मला वाटतं बिचाऱ्या माशावर उगाच आळ आलाय. हे सगळं बहिणीला सांगितलं तेव्हा कुठे ती रिओ नेग्रो नदीत उतरली आणि मग तासभर बाहेर यायला तयार नाही!

खरी काळजी अरैयाची घ्या, म्हणजे काटेरी शेपटीचा पाकट मासा. तो उथळ पाण्यात वाळूत दडून बसतो, त्यामुळे पाय उचलून टाकू नका, वाळूवरून घासत चाला म्हणजे तो आधीच सरकतो. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा आणि लगेच दवाखाना गाठा.

पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान १० दिवस आधी घ्या आणि ते कार्ड पासपोर्टमधेच ठेवा, नसेल तर भारतात परतल्यावर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइनमधे बसवू शकतात. व्हिसाही लागतो. डास रिओ नेग्रोच्या बाजूला कमी, पाणी आम्लधर्मी आहे म्हणून, त्यामुळे लॉज शक्यतो त्या बाजूला बघा. आणि होडी घेऊन रिओ नेग्रो आणि सोलिमोइस या दोन नद्यांचा संगम नक्की बघा, काळं आणि चहासारखं पाणी जवळपास ६ किलोमीटर न मिसळता शेजारी शेजारी वाहतं, होडीतून हात घातला तर एका बाजूचं पाणी कोमट आणि दुसरीकडचं गार लागतं.