वर्किंग पेपरचा संदर्भ देताना

एम.ए.च्या असाइनमेंटसाठी मी विषय घेतला होता खाणी बंद झाल्यानंतरचं गोवा सरकारचं कर्ज. आमच्या डिचोली भागात हा विषय घरोघरी बोलला जातो. 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, त्याची झळ इथल्या ट्रकवाल्यांपासून दुकानदारांपर्यंत सगळ्यांना बसली. पण वाचायला बसले, तर कर्जावरचं बरंचसं लेखन जर्नलमध्ये नव्हतंच. ते होतं वर्किंग पेपरमध्ये. म्हणजे चर्चेसाठी खुलं केलेलं, तज्ज्ञांच्या तपासणीतून अजून न गेलेलं संशोधन.

असं लेखन असाइनमेंटमध्ये चालेल का, म्हणून मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "चालेल की! पण तो पुढे जर्नलात छापून आलाय का ते आधी बघ. आणि तू जो वाचलास, तोच लिही."

हे किती महत्त्वाचं आहे ते राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या पेपरवरून पटलं. सरकारी कर्ज जीडीपीच्या 90 टक्क्यांवर गेलं की आर्थिक वाढ घसरते, हे त्यांचं म्हणणं 2010 च्या जानेवारीत एनबीईआर या अमेरिकन संशोधन संस्थेचा वर्किंग पेपर क्रमांक 15639 म्हणून आलं आणि त्याच वर्षी अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू या जर्नलमध्ये छापलं गेलं. थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाच्या असाइनमेंटसाठी तेच गणित पुन्हा करून पाहिलं. एक्सेलच्या सूत्रात पाच देश सुटलेले निघाले, शिवाय काही वर्षांचे आकडे घेतलेलेच नव्हते आणि सरासरी काढण्याच्या पद्धतीवरही आक्षेप होता. 90 टक्क्यांवर कर्ज असलेल्या देशांची मूळ पेपरात उणे 0.1 टक्का म्हटलेली सरासरी वाढ त्याच्या आणि त्याच्या प्राध्यापकांच्या हिशेबात 2.2 टक्के आली. ही दुरुस्तीसुद्धा 2013 मध्ये आधी वर्किंग पेपर म्हणूनच बाहेर पडली! एका विद्यार्थ्याला हे जमलं, कारण नेमका कुठला पेपर, कुठले आकडे हे त्याला शोधता आलं. आपल्या वाचकालाही ती वाट सापडली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

संदर्भ लिहिण्याची एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) ही पद्धत त्यानंतर सोपी वाटली: लेखक, वर्ष, शीर्षक, कंसात मालिकेचा क्रमांक, मग संस्था आणि दुवा. रिझर्व्ह बँकेच्या पेपरांत क्रमांक दरवर्षी नव्याने सुरू होतो, त्यामुळे क्रमांकाबरोबरचं वर्ष गाळून चालत नाही. त्यातली मतं लेखकांची आहेत, बँकेची नव्हेत, असंही तिथे छापलेलं असतं. म्हणून "रिझर्व्ह बँकेच्या मते" असं मी कुठेही लिहिलं नाही, लेखकांची नावं दिली.

एका मसुद्यावर "परवानगीशिवाय उद्धृत करू नये" असं होतं. लेखकांना ईमेल केला. त्यांनी परवानगी दिली आणि सुधारलेली प्रतही पाठवली. तिच्यातला एक तक्ता बदललेला होता, म्हणून तो परिच्छेद मी पुन्हा लिहिला आणि संदर्भांच्या यादीत त्या नव्या प्रतीची तारीख घातली.