नवतपा आणि कोलोन: दुपट्ट्यावरच्या प्रयोगाची नोंद

मंडळी, या खेपेची नोंद आमच्या विदर्भातल्या वरुड-मोर्शीकडच्या उन्हाळ्याची. मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांना आम्ही नवतपा म्हणतो. होळीपर्यंत कोलोनबद्दल, म्हणजे अल्कोहोलातल्या हलक्या लिंबूवर्गीय सुगंधाबद्दल, काही तक्रार नव्हती. सकाळी आंघोळीनंतर मानेवर मारलं की निदान चहा-नाश्ता आटोपून वावरात जाईस्तोवर संत्र्या-लिंबाचा टवटवीत वास सोबत असायचा. एप्रिल लागला आणि तो गावाबाहेर पडण्याआधीच उडायला लागला.

यात बाटलीचा काही दोष नाही. कोलोनात सुगंधी तेल असतं साधारण 2 ते 5 टक्के. त्याहून दाट सुगंधांत, म्हणजे ओ द त्वालेतमध्ये 5 ते 15 आणि ओ द पार्फ्यूममध्ये 15 ते 20. बाकी सगळं अल्कोहोल आणि पाणी. त्यातही कोलोनचं तेल म्हणजे मुख्यतः बर्गमॉट (लिंबाच्या कुळातलं एक फळ), लिंबू, संत्रं, नेरोली (कडू संत्र्याच्या फुलांचं तेल), रोजमेरी अशी लवकर उडणारी मंडळी. लिंबूवर्गीय सालीच्या तेलात जे लिमोनिन असतं त्याचा रेणुभार 136. वाळ्याच्या तेलातल्या खुसिमोलचा 220. पारा 44-45 वर गेला की हलका गडी आधी निघून जाणार, त्याला कितीही फवारे मारून थांबवता येत नाही. म्हणून मी त्याला थांबवायचा नाद सोडला आणि तो गेल्यावर मागे काय उरावं याचा विचार सुरू केला.

जास्त दमाचं काही घ्यावं म्हणून आधी अम्ब्रॉक्सन (अंबरसारख्या वासाचं, खूप टिकणारं द्रव्य) ठासून भरलेलं एक ओ द पार्फ्यूम वापरून पाहिलं. ते टिकतं, यात वाद नाही. पण मे महिन्यात भर दुपारी भरलेल्या एसटीत ते लावून बसणं म्हणजे शेजारच्यावर अन्याय. थंडीतल्या लग्नांसाठी ठेवून दिलं.

मग वाळा. उन्हाळा आणि वाळा हे आपल्याकडे वेगळं सांगावं लागत नाही. कूलरच्या ताट्यांवर पाणी पडलं की जो ओला, मुळांचा, मातकट-हिरवा वास येतो, त्याच वासाचं अत्तर कोलोनखाली लावायचं ठरवलं. उत्तर प्रदेशातल्या अत्तरांच्या गावी, कनौजला, वाळ्याची मुळं तांब्याच्या डेगेत उकळून रूह, म्हणजे निव्वळ तेल, काढतात. तांब्यामुळे त्याला हिरवट झाक येते. अस्सल रूह महाग पडतो. चंदनाच्या तेलावर धरलेलं अत्तरही आता स्वस्त राहिलं नाही, म्हणून दुकानात मिळणाऱ्या स्वस्त कुप्यांत बरेचदा लिक्विड पॅराफिन, म्हणजे बिनवासाचं खनिज तेल, असतं. ते ओळखायला मी एक सोपी परीक्षा करतो: चमचाभर कोलोनात अत्तराचा एक थेंब सोडायचा. विरघळला नाही आणि वेगळा गोळा होऊन राहिला किंवा गढूळपणा आला, तर पॅराफिनचा संशय घ्यायचा. विरघळला म्हणजे अस्सलच, असं मात्र समजू नका. अल्कोहोलात विरघळणारे स्वस्त आधारही असतात.

आता लावायचं कुठं? कोरड्या त्वचेवरून वास लवकर जातो, म्हणून आधी बिनवासाची व्हॅसलिन लावायची, हा सल्ला तुम्ही सगळ्यांनी ऐकला असेल. हिवाळ्यात तो उत्तम चालतो, आमच्या कोरड्या थंडीत तर फारच. पण नवतप्यात अंगावर चिकट थर, त्यावर घाम आणि वावरातली धूळ, म्हणजे तासाभरात पुन्हा आंघोळ. शिवाय बर्गमॉटच्या कच्च्या तेलातलं बर्गाप्टेन उन्हात कातडीवर चट्टे आणतं. बऱ्याच कंपन्या ते काढून टाकलेलं तेल वापरतात, तरी घरी मिसळलेलं कोलोन किंवा लेबल नसलेली बाटली असेल तर उघड्या मानेवर मारून उन्हात जाऊ नका, हे मी आग्रहानं सांगेन.

उरला दुपट्टा. उन्हाळ्यात तो तसाही डोक्या-कानाभोवती गुंडाळलेला असतो, नाकाजवळ असतो आणि सुती असल्यामुळे तेल धरून ठेवतो. माझी पद्धत अशी: रात्री धुतलेल्या दुपट्ट्याच्या एका टोकाला, आतल्या बाजूनं, काचेच्या काडीनं वाळ्याच्या अत्तराचा बारीक ठिपका. टोक घडी घालून दाबायचं, चोळायचं नाही. रात्रभर तो धाग्यांत मुरतो. सकाळी निघताना त्याच जागी हातभर अंतरावरून कोलोनचे दोन-तीन फवारे, आणि अल्कोहोल उडेपर्यंत दोरीवर टाकून ठेवायचा. पांढऱ्या दुपट्ट्यावर पिवळसर डाग पडतो, म्हणून रंगीत चौकड्याचा घ्या. रेशमावर हा प्रयोग करूच नका.

परिणाम सांगतो. पहिला अर्धा तास निव्वळ संत्रं-लिंबू. मग ते ओसरतं, पण मधे रिकामी जागा जाणवत नाही, कारण वाळ्यालाही स्वतःचा एक हिरवा गारवा आहे आणि तो लिंबाच्या वासाशी चटकन जुळतो. दुपारी उरतो तो फक्त वाळा, आणि घाम आला की तो उलट जास्त उमलतो. आपलं नाक काही वेळानं त्याच वासाला सरावतं, त्यामुळे परीक्षा दुसऱ्याच्या नाकानंच व्हायला हवी. ती आजीनं केली. दुपारी वावरातून आलो, दुपट्टा खुंटीला टांगला, तर खाटेवरून तिनं विचारलं, "कूलरात पानी टाकलं काय रे? वाळा महकून रायला." लाइट गेलेली होती, कूलर सकाळपासून बंद. मला यापेक्षा मोठं प्रमाणपत्र नको.

साठवणीबद्दल थोडक्यात. टिनाच्या छपराखाली बाटली ठेवली की कोलोन बिघडतं. लिमोनिन हवेशी आणि उष्णतेशी झुंजताना टर्पेंटाइनसारखा उग्र वास धरतं, आणि असं बिघडलेलं तेल कातडीलाही सोसत नाही. मी बाटली माजघरातल्या कपाटाच्या तळाच्या कप्प्यात, खोक्यासकट ठेवतो. अर्धी झाली की लहान काचेच्या कुपीत काढतो, म्हणजे आत हवा कमी राहते.

पुढचा डाव मृगाचा. कोलोनचा मूळ पुरुष योहान मारिया फरिना यानं 1708 मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात आपल्या सुगंधाची ओळख करून देताना पावसानंतरच्या संत्र्याच्या फुलांची आठवण काढली होती. आमच्याकडे मृगबहार नेमका तसाच येतो: पाऊस पडतो आणि बागा फुलावर येतात. नेरोली मात्र कडू संत्र्याच्या फुलांची असते, आपला नागपुरी संत्रा मँडरिनच्या कुळातला, त्यामुळे दोन्ही वास सख्खे नाहीत, चुलत म्हणा. बहार फुटल्यावर बागेत उभं राहून नेरोलीवालं कोलोन आणि झाडावरचं फूल शेजारी शेजारी हुंगायचं आहे. दमट हवेत वाळ्याऐवजी मिट्टी अत्तराचा, म्हणजे भिजल्या मातीच्या वासाच्या अत्तराचा, ठिपका देऊन पाहीन. तुमच्यापैकी कोणी हैतीचा वाळा आणि आपला वाळा असे दोन्ही कोलोनखाली लावून पाहिले असतील, तर कोणता जास्त वेळ हिरवा राहतो ते जरूर कळवा. माझ्याकडे सध्या कनौजचाच आहे.